डावी फरशी, उजवी फरशी

"सर, पण यात तर काहीच नाही," प्रणिता म्हणाली.

तिच्या हातात मी घरून आणलेला दाढीचा आरसा होता. तिनं काचेवरून तळवा फिरवला, मग बोटांची टोकं फिरवली, मग आरसा पालथा करून मागचा पत्रा चाचपला. नववी 'ब'चा सगळा वर्ग गप्प बसून बघत होता.

"यात दिसतं," मी म्हणालो. "म्हणजे असं की, आपण समोर उभं राहिलो तर आपल्यासारखंच दुसरं कुणीतरी आत उभं आहे असं दिसतं. फक्त डाव्याचं उजवं होतं."

"कसं?"

"मी उजवा हात वर केला की आतला डावा हात वर करतो."

प्रणितानं स्वतःचा उजवा हात थोडा उचलला, जरा वेळ तसाच धरला आणि खाली घेतला.

"आणि डोकं खाली जातं?"

"नाही. डोकं वरच राहतं. पाय खाली."

"मग आरशाला कसं कळतं सर, डावं-उजवं कोणतं आणि वर-खाली कोणतं?"

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं, पण ते हसू पुढं सरकलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खडू उचलला, फळ्यावर उभी रेघ काढली, तिच्या दोन्ही बाजूंना दोन त्रिकोण काढले आणि मग लक्षात आलं की जिनं विचारलं तिला फळा दिसत नाही. आणि फळ्यावर जे काढलं होतं, तेही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"बैस," मी म्हणालो. "हा भाग तू सोडून दे. परीक्षेत तुला विचारणार नाहीत."

ती बसली. शेजारी बसणाऱ्या ज्योत्स्ना तिमांडेनं आरसा तिच्या हातातून घेतला आणि मला आणून दिला.

ही सत्त्याण्णवच्या डिसेंबरातली गोष्ट. वर्ध्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात मी गणित शिकवत होतो. नोकरीचं चौथं वर्ष होतं, वय अठ्ठावीस. गणितात मी चांगला होतो आणि मुलंही तसं म्हणत. त्यामुळं मला येत नाही असं वर्गात काही निघेल याची सवयच नव्हती.

प्रणिता भोयर जन्मापासून आंधळी होती. सातवीपर्यंत ती नागपूरला अंध मुलांच्या शाळेत, वसतिगृहात राहून शिकली. मग आई आजारी पडली म्हणून वडिलांनी तिला घरी आणलं आणि आमच्या शाळेत घातलं. जाड कागद, खिडक्या-खिडक्यांची एक पाटी आणि लाकडी मुठीची टोचणी घेऊन ती पहिल्या बाकावर बसायची. मी बोलायला लागलो की ब्रेल टोचण्याची टकटक सुरू व्हायची. इतिहास, मराठी, हिंदी यांत ती वर्गात पहिल्या पाचांत असायची. बीजगणित तोंडी करायची. भूमितीच्या तासाला मात्र टोचणी थांबून जायची. ज्योत्स्ना तिच्या कानाशी लागून सांगत राहायची, "आता सरांनी गोल काढला, आता त्यात रेघ मारली." मी ते बघायचो आणि पुढं शिकवत राहायचो.

त्या आठवड्यात पाठ होता सममितीचा आणि फरसबंदीचा. फरसबंदी म्हणजे एकाच आकाराचे तुकडे घेऊन, फट न ठेवता आणि एकावर एक न चढवता सगळी जागा भरायची. मी पुठ्ठ्याचे त्रिकोण, चौरस, पंचकोन आणि षटकोन कापून आणले होते. बाकाबाकावर वाटले. त्रिकोण बसले, चौरस बसले, षटकोन मधमाशीच्या पोळ्यासारखे बसले. पंचकोन बसेनात, तेव्हा मुलांना मोठी गंमत वाटली. तास छान झाला. पहिल्या बाकावर ज्योत्स्नानंच सगळे तुकडे जुळवले, हे मला तास संपल्यावर कळलं. प्रणिताच्या हाताला एकही तुकडा लागला नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी, काहीतरी तिच्या हाती द्यावं या विचारानं, मी आरसा घेऊन गेलो. आंधळ्या मुलीला आरसा द्यायला निघालो यात काही चुकतंय, हे मला वाटेत एकदाही सुचलं नाही.

त्या संध्याकाळी घरी मी आरशासमोर उभा राहिलो. उजवा हात वर केला, डावा वर केला, मग आडवा झोपून पाहिलं. आडवं झाल्यावर डोकं-पाय डावीकडं-उजवीकडं आले, तरी आरसा माझंच डावं-उजवं बदलत होता. म्हणजे त्याला माझी डावी बाजू माहीत होती की काय? आईनं दारातून विचारलं, "काय रे, कुठं दुखतं का?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "प्रकाशाचं परावर्तन आहे ते, त्यात काय विचारायचं?" मी म्हटलं, "बरोबर." आणि दोघंही चहा पीत बसलो.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका देशकर मॅडमनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक छापील अर्ज होता.

"खानझोडे, हे बघा. भोयरसारख्या मुलांना दहावीला गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घेता येतं. नावं आत्ताच, नववीतच कळवायची आहेत. तिच्या वडिलांना मी निरोप दिला आहे. तुमचा शेरा लागतो."

"तिला हवं आहे का हे?" मी विचारलं.

"तिला काय हवं ते तिला पंधराव्या वर्षी कळणार आहे का?" मॅडम वाईट बाई नव्हत्या. सहा वर्षं शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागत होता आणि तो त्यांनी मुलांच्या घरोघरी जाऊन, सकाळी सहाला जादा तास लावून आणला होता. "पोरगी हुशार आहे. बाकीच्या विषयांत ऐंशीच्या वर जाईल. एका भूमितीपायी तिनं नापास का व्हायचं? पुढं बी.ए. करेल, एखादी नोकरी लागेल. त्यात भूमिती कुठं लागते?"

सगळं खरं होतं. अर्जावर एक रकाना होता, 'विषयशिक्षकाचा अभिप्राय'. मी पेन काढलं आणि लिहिलं, 'विद्यार्थिनीस भूमितीच्या संकल्पनांचे आकलन होत नाही.' खाली सही केली. मला हलकं वाटलं. हे तिच्यासाठी केलं म्हणून हलकं वाटलं, की आता आरशाचा प्रश्न पुन्हा यायचा नाही म्हणून, ते मी स्वतःला विचारलं नाही.

दुपारी तिचे वडील आले. देवरावजी भोयर फरशा बसवणारे मिस्त्री होते. गुडघ्यांवर सिमेंटचे पांढरे डाग, नखांत सिमेंट. अर्ज त्यांनी हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला.

"सवलत हाये म्हणता न मॅडम?"

"हो, सवलतच आहे."

"मंग घेऊन टाकू. सवलत भेटून राहिली तं काहून नाही म्हणायचं?" त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. जाताना मला नमस्कार केला. "सर, तुमचे उपकार हायेत जी. पोरगी सांगते, सर समजावून सांगतात म्हणून."

मॅडमनी अर्जाची एक प्रत त्यांना दिली, घरी ठेवायला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून जात होतो. प्रणिता खांबाला टेकून उभी होती. माझ्या चपलांच्या आवाजावरून ती मला ओळखायची.

"सर."

"काय गं?"

"त्या अर्जावर लिहिलंय, मला भूमिती समजत नाही म्हणून. ते कोणी लिहिलं?"

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. रागाचा नव्हता, रडवेलाही नव्हता.

"ते... मॅडमनी," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलो. कुणीही मला धमकावलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ती काय करणार होती? मी तिच्या भल्यासाठीच लिहिलं होतं, तसं सांगता आलं असतं. मग जीभ अशी का वळली?

त्या रविवारी माझ्या बहिणीच्या लग्नासाठी कार्यालय बघायला मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. नवीन मंगल कार्यालय बांधून होत आलं होतं. व्यवस्थापक म्हणाले, आत जाऊन बघा, फक्त ओल्या फरशीवर पाय देऊ नका. आत गेलो तर मोठ्या दालनाच्या कडेला देवरावजी उकिडवे बसून फरशी ठोकत होते, आणि त्यांच्यापासून दहा हातांवर प्रणिता मांडी घालून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना फरशांचे ढीग होते. एक फरशी उचलायची, कडांवरून अंगठा फिरवायची आणि एका ढिगावर नाहीतर दुसऱ्या ढिगावर ठेवायची.

"सर?" ती म्हणाली. मी काही बोललोही नव्हतो.

देवरावजी गडबडीनं उठले. "या न जी, बसा न. अशा ठिकाणी कुठं बसवू तुमाले." त्यांनी सिमेंटचं रिकामं पोतं झटकून अंथरलं. "पोरगी सुटीत येते संगं. मोठं काम होते तिचं. आखी गाडी लावून देते."

"काय लावते?"

"काठाच्या फरशा. ह्या बघा."

फरशीवर वेलीची उठावाची नक्षी होती. एका कडेला वेल, वेलीवरून भिंतीच्या बाजूला निघालेलं एक पान, आणि ते पान एका अंगाला कललेलं. मुख्य दारापासून वेल दोन्हीकडं निघून भिंतीभिंतीनं जाणार होती. डावीकडं जाणाऱ्या वेलीची पानं डावीकडं कललेली हवीत, उजवीकडची उजवीकडं. कारखान्यातून फरशा सगळ्या एकत्र आल्या होत्या.

"मले डोळ्यानं चटकन समजत नाही," देवरावजी म्हणाले. "एकसारख्याच दिसतात. दोन-तीन लावल्यावर चूक सापडते. तिचा हात लागला का लगेच सांगते."

मी दोन फरशा उचलल्या आणि शेजारी ठेवल्या. एक फिरवून पाहिली. पान भिंतीकडून आतल्या बाजूला आलं. पुन्हा फिरवली. आता पान पुन्हा भिंतीच्या बाजूला आलं, पण भलतीकडंच कललं.

"नाही होणार सर," प्रणिता म्हणाली. फरशी जमिनीवर सरकल्याचा आवाज तिनं ऐकला असावा. "डावी कितीही फिरवा, उजवी नाही होत. उपडी केली तरच होईल. पण उपडी केली तर वेल सिमेंटात जाते."

मी हातातली फरशी खाली ठेवली. पुस्तकातलं एक अख्खं प्रमेय तिनं दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि माझ्या अभिप्रायात लिहिलं होतं की तिला आकलन होत नाही.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी लिहिते न सर रोज तसंच."

"लिहितेस म्हणजे?"

तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. "तुम्ही पाहिलं नाही काय? मी उजवीकडून डावीकडं टोचते. एकेक अक्षर उलटं. टोचलेले ठिपके मागच्या बाजूनं वर येतात. मग कागद काढून पान उलटवायचं आणि डावीकडून उजवीकडं वाचायचं. उलटं लिहिलं तरच सुलटं वाचता येतं."

दीड वर्ष ती माझ्यापासून चार हातांवर बसून लिहीत होती. टोचणी कुठून कुठं जाते, हे मी पाहिलंच नव्हतं.

"त्या दिवशी मी विचारत होते ते हेच," ती म्हणाली. "घरी जाऊन मी पानं उलटवून पाहिली. पुस्तकासारखं पान उलटवलं तर डावं-उजवं बदलतं. पण वरची कड धरून खाली पालथं टाकलं तर डावं-उजवं तसंच राहतं, वरची ओळ खाली जाते. म्हणजे पान काही करत नाही सर. आपण कसं उलटवतो त्यावर आहे. आरशाचंही तसंच असेल काय? आरसा काहीच करत नसेल. आतला माणूस म्हणजे आपणच तिकडं जाऊन, वळून इकडं तोंड करून उभे राहिलो असं सगळे धरून चालत असतील, म्हणून डावं-उजवं उलटं वाटत असेल."

मला वाटतं मी "असेल" एवढंच म्हणालो. ती म्हणते ते बरोबर आहे असं आतून वाटत होतं, पण नीट पकडता येत नव्हतं. पकडावं तोवर निसटत होतं. ते मला पुरतं समजायला आणखी दोन दिवस लागले.

देवरावजींना आमच्या बोलण्यातलं काही कळलं नाही. त्यांनी आपलं सांगायला सुरुवात केली. "एका साहेबानं मागं पाच कोनाच्या फरशा आणल्या होत्या सर, मुंबईहून, बाथरुमासाठी. बसेचनात. तीन जवळ आणल्या तं फट राहे. चवथी घाला तं जाईना."

"बोटभर फट," प्रणिता म्हणाली. "सहा कोनाची असती तर तीन फरशांची टोकं एका जागी बरोबर मिळतात."

"पाच कोनाच्या त्या फटीचा कोन किती असेल?" मी विचारलं. मला खरंच बघायचं होतं.

ती थोडा वेळ ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "एक कोन एकशे आठचा. तीन झाले तीनशे चोवीस. छत्तीस उरले."

मी कार्यालय न बघताच घरी गेलो.

सोमवारी सकाळी देशकर मॅडमकडं गेलो. अर्ज बुधवारी जाणार होते.

"मॅडम, भोयरचा अर्ज थांबवता येईल का?"

"का?"

"तिला समजतं भूमिती."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुरुवारी तुम्ही लिहून दिलंत, समजत नाही. आज सोमवार. चार दिवसांत असं काय झालं?"

मी फरशांची गोष्ट सांगायला लागलो, पण तोंडातून निघेल तशी ती गोष्ट आणखीच गुंतागुंतीची होत गेली. मॅडम ऐकत होत्या.

"हे बघा, अभिप्राय तुमच्या अक्षरात आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "बदलायचा असेल तर तो चुकीचा होता असं तुम्हीच लिहून द्यायचं, आणि वडिलांचीही सही आणायची. पुढं पोरगी नापास झाली तर तो कागद माझ्या कपाटात असेल. उद्यापर्यंत ठरवा."

बाहेर आलो. ठरवणं म्हणजे काय ठरवायचं तेच कळेना. तिला समजतं, हे खरं. पण फरशी समजणं आणि तीन तासांत बावीस प्रमेयं, रचना, आकृत्या लेखनिकाला सांगून लिहून घेणं एकच का? मला तिला शिकवता येईल का? आजवर एक दिवस शिकवलं नव्हतं. ती नापास झाली तर कुणामुळं झाली असं धरायचं? दोन्ही बाजूंनी विचार केला की दोन्ही बाजू सारख्याच वाटत.

शाळा सुटल्यावर मी तिला वर्गात थांबवलं. ज्योत्स्ना दाराशी थांबली.

"प्रणिता, मी मॅडमशी बोललो," मी म्हणालो. "तो शेरा आहे न, मॅडमचा, तो बदलून घेता येईल. मी प्रयत्न करतोय."

तिनं टोचणी पेटीत ठेवली, पेटी बंद केली.

"सर, तो मॅडमचा नाही. तुमचा आहे," ती म्हणाली. "ज्योत्स्नानं मला अर्ज वाचून दाखवला होता. खाली तुमचं नाव आहे."

मी दाराकडं पाहिलं. ज्योत्स्नानं मान खाली घातली.

"कधी वाचून दाखवला?"

"बाबांनी आणला त्याच दिवशी."

"म्हणजे तू मला विचारलंस, त्याच्या आधी?"

"हो."

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही काय सांगता ते ऐकायचं होतं."

कान तापले होते माझे. ती बघू शकत नाही याचा मला त्या क्षणी आधार वाटला, आणि तसं वाटल्याची आणखी लाज वाटली. मी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला.

"मी लिहितो," मी म्हणालो. "आत्ता, तुझ्यासमोर. वाचत वाचत लिहितो."

मी लिहायला लागलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो. "कुमारी प्रणिता देवराव भोयर हिच्याविषयी दिलेला अभिप्राय गैरसमजातून..."

"कोणाच्या गैरसमजातून?" तिनं विचारलं.

मी ओळ खोडली. "दिलेला अभिप्राय चुकीचा होता. विद्यार्थिनीस विषय समजतो. मला तो तिला शिकवता आला नव्हता." सही केली. तारीख घातली. कागद तिच्या हातात दिला, का ते ठाऊक नाही. तिला त्यावर काही वाचता येणार नव्हतं. तिनं कडांवरून अंगठा फिरवला, घडी घातली आणि म्हणाली, "बाबांची सही आणते."

"त्यांना काय सांगशील? त्यांना तर सवलत हवी होती."

"सांगते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सही आली. मॅडमनी दोन्ही कागद कपाटात ठेवले आणि माझ्याशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलल्या.

मग सव्वा वर्ष आम्ही भूमिती केली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पाटीवर ताणून बसवला, त्यावर कागद ठेवून बोथट लेखणीनं दाबून रेघ काढली की ती मागून वर यायची. उलटी काढायची, म्हणजे ती सुलटी वाचायची. सुरुवातीला माझ्या सगळ्या आकृत्या तिच्या हाती भलत्याच बाजूनं जात. 'अ'च्या जागी 'क' यायचा. "सर, तुम्ही पुन्हा आपल्याच बाजूनं काढली," ती म्हणायची. मी घरी बसून उलट्या बाजूनं आकृत्या काढायचा सराव करायचो. कधी तिला एखादी गोष्ट अजिबात समजायची नाही. वर्तुळाच्या स्पर्शिकेवर आम्ही तीन आठवडे अडलो आणि मॅडमचं कपाट मला आठवत राहिलं. कधी ती पटकन सांगायची आणि मीच मागं राहायचो. आपण नक्की कुणाला शिकवतोय हा घोळ शेवटपर्यंत सुटला नाही.

परीक्षेला आठवीतली एक मुलगी तिची लेखनिक होती. भूमितीच्या पेपराला मी शाळेबाहेरच्या चिंचेखाली तीन तास उभा होतो. बाहेर आल्यावर प्रणिता म्हणाली, "दोन प्रश्न सोडले. बाकीचं त्या पोरीनं किती बरोबर काढलंय त्यावर."

जूनमध्ये निकाल लागला. गणितात तिला दीडशेपैकी सत्याऐंशी. मी आयुष्यात पाहिलेले सर्वांत जास्त गुण नव्हेत, पण ती पास होती. शाळेचा निकाल त्या वर्षी शंभर टक्के लागला नाही. दोन मुलं गणितात नापास झाली. दोघांचेही डोळे उत्तम होते आणि दोघंही माझ्याच वर्गातली होती. मॅडमनी ते कपाट उघडलं नाही.

संध्याकाळी देवरावजी पेढे घेऊन आले. ते मॅडमच्या खोलीत गेले आणि प्रणिता माझ्यापाशी व्हरांड्यात थांबली. तिनं नवी चप्पल घातली होती, ती पुन्हा पुन्हा पायातून सरकत होती.

"सर, एक सांगू?"

"सांग न."

"मला तेव्हा सवलत हवी होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"भूमिती मला नकोच होती. कंटाळा यायचा. ज्योत्स्ना कानात बोलत बसायची, गोल काढला, रेघ काढली. बाबांनी अर्ज आणला तेव्हा बरं वाटलं होतं मला. सुटले म्हटलं." ती थोडी हसली. "तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही सरळ म्हणाला असता, हो, मी लिहिलं, तर मी गप्प बसले असते. अर्ज गेला असता."

"मग?"

"तुम्ही खोटं बोलले. एवढे मोठे सर, माझ्याशी कशाला खोटं बोलतील? मला वाटलं, सर भ्याले. म्हणजे या भूमितीत काहीतरी आहे. मग सोडवेना."

आतून देवरावजींनी तिला हाक मारली. तिनं चप्पल नीट केली, भिंतीला हात लावला आणि आत गेली. मी तिथंच उभा राहिलो. दीड वर्ष मी धरून चाललो होतो की मी एक चूक केली, मग ती कागदावर मान्य केली आणि त्यातून हे सत्याऐंशी गुण आले. आता ती सांगत होती की मान्य केल्यानं काही झालंच नाही. जे झालं ते त्या खोट्यामुळं. मी खरं बोललो असतो तर ती आज इथं नसती. मग त्या खोट्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं की नाही? आज माझी निवृत्ती जवळ आली आहे. प्रणिता नागपूरला एका बँकेत अधिकारी आहे, कधीमधी फोन करते. मी तिला हे विचारलेलं नाही.

बापलेक गेल्यावर देशकर मॅडम पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मला एक पेढा दिला.

"काय म्हणत होती पोरगी एवढा वेळ?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "आभार मानत होती."